गोखरू, हसक आणि ‘पुरःस्थ ग्रंथी’

दख्खनच्या पडीक रानात पावसाळ्यानंतर जमिनीलगत पसरणारा सराटा गुराख्याच्या पायाला नकोसा असतो. अत्तार मात्र त्याची वाळलेली काटेरी फळे जपून ठेवतो. संस्कृतात त्याला गोक्षुर किंवा श्वदंष्ट्रा, अरबीत हसक, फारसीत खार-ए-खसक आणि उर्दूत गोखरू म्हणतात. लघवीच्या तक्रारींवर आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही परंपरांनी त्याचा वापर केला. आज गोखरूच्या डबीवर ‘प्रोस्टेटसाठी’ असे छापलेले आढळते. जुन्या ग्रंथांत हे फळ ज्या विकारांसाठी सांगितले आहे त्यांची नावे मात्र वेगळी आहेत.

चरकसंहितेतील दहा मूत्रविरेचनीय द्रव्यांत श्वदंष्ट्रा आहे. तिच्या जोडीला पाषाणभेद, दर्भ, कुश, काश इत्यादी. शार्ङ्गधरसंहितेतील गोक्षुरादी गुग्गुळ तर आजही वैद्यांच्या नित्य वापरात आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले असून त्यांतील ‘वाताष्ठीला’ विशेष लक्ष वेधून घेते. बस्ती आणि मलमार्ग यांच्यामध्ये वायूमुळे घट्ट, अचल व वर उचललेली गाठ तयार होते आणि मल, मूत्र व वायू अडतात, असे तिचे वर्णन आहे. आधुनिक वैद्य हीच वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी मानतात. स्थान पाहता हे अनुमान सबळ वाटते. तथापि सुश्रुताच्या दृष्टीने ती वायूने निर्माण केलेली विकृती होती. प्रत्येक पुरुषाच्या शरीरात मुळातच असणारा व वयाबरोबर वाढणारा अवयव नव्हे. हा भेद पुसून टाकला, तर सुश्रुताचा गौरव होत नाही, केवळ आपल्या काळाची भाषा त्याच्या तोंडी घातली जाते.

युनानी परंपरेतही चित्र असेच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीसने ‘त्रिबोलोस’चे जमिनीवरचा व पाण्यातला असे दोन प्रकार नोंदवले आणि मूतखड्यावरील त्याचा उपयोग सांगितला. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान बिन बासील व हुनैन बिन इसहाक यांच्या परिश्रमाने हा ग्रंथ अरबीत आला. अल-राझी (मृत्यू 925) याने मूत्रपिंड व मूत्राशयातील खड्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. इब्न सीना (मृत्यू 1037) याच्या ‘अल-कानून’मध्ये लघवी अडणे, कष्टाने होणे, थेंब थेंब गळणे यांचा वेगवेगळा विचार आहे. उसरुल बौल, तक्तीरुल बौल या संज्ञा लक्षणांच्या आहेत, अवयवाच्या नाहीत. शिवाय औषधाने लघवी सुटली नाही तर ‘कासातीर’ म्हणजे नळी घालण्याची रीतही इब्न सीनाने दिली आहे. सुश्रुतानेही मूतखड्यासाठी शस्त्रक्रिया सांगितली. काढ्याची मर्यादा दोघांनाही ठाऊक होती.

हिंदी आणि ग्रीक वैद्यकाने हे फळ एकमेकांकडून घेतले की स्वतंत्रपणे ओळखले, हा वाद येथे निष्फळ आहे. सराटा दोन्हीकडच्या रानात उगवत होता. देवाणघेवाण मात्र निःसंशय झाली. अली बिन रब्बन अल-तबरीने 850 मध्ये पूर्ण केलेल्या ‘फिरदौस-उल-हिकमत’मध्ये चरक-सुश्रुतांच्या आधारे हिंदी वैद्यकावर स्वतंत्र भाग लिहिला. सिकंदर लोदीच्या काळात मियाँ भुवा यांनी 1512 मध्ये संस्कृत ग्रंथांवरून ‘मादन-उश-शिफा’ फारसीत सिद्ध केला. विजापूरच्या दरबारातील फिरिश्ता इतिहासकार म्हणून सर्वांना परिचित आहे; त्याने हिंदी वैद्यकावर ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ लिहिला, हे क्वचितच कोणी सांगतो. उलट दिशेनेही प्रवास झाला. समुद्री जीवाच्या काट्यांचा अश्म झालेला ‘हजर-उल-यहूद’ युनानी हकिमांचे मूतखड्यावरील औषध; आज आयुर्वेदिक दुकानांत त्याचे भस्म त्याच अरबी नावाने विकले जाते.

मग ‘प्रोस्टेट’ कोठून आली? युरोपात 1536 मध्ये व्हेनिसच्या निकोलो मासाने या ग्रंथीचे वर्णन केले आणि 1538 मध्ये व्हेसेलियसने तिचे चित्र दिले. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुढे उभा असलेला’. उर्दूत त्याचे ‘गुद्दा-ए-कुदामिया’ झाले, मराठीत ‘पुरःस्थ ग्रंथी’. दोन्ही अर्थानुवाद अगदी चोख आहेत. (‘गुद्दा’ म्हणजे ग्रंथी. मराठी विद्यार्थ्याला हे समजावताना शिक्षकाची थोडी पंचाईत होते.) हे शब्द रूढ झाल्यावर मूत्राघात व उसरुल बौल यांची जुनी औषधे हळूहळू एका ग्रंथीच्या नावावर जमा झाली.

पाश्चात्त्य बाजारातही अशी वनस्पती आहे: अमेरिकेतील सॉ पामेटो हे ताडवर्गीय झाड. अमेरिकेत तिची काटेकोर परीक्षा झाली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 225 पुरुषांना वर्षभर औषध किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. 2011 च्या चाचणीत 369 पुरुष होते व मात्रा टप्प्याटप्प्याने तिप्पट करण्यात आली, निष्कर्ष तोच. गोखरूवरचे प्रयोग त्या मानाने लहान आहेत.

लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे ही लक्षणे साध्या वाढीत दिसतात, तशी कर्करोगातही दिसू शकतात, आणि मूत्राशयातील खड्यातही. त्यांतला फरक डबीवरच्या छापील शब्दाने कळत नाही. त्यासाठी तपासणी लागते. आणि लघवी पूर्ण अडल्यावर रुग्णालयात आजही प्रथम नळीच घालतात.