बट्टा कुणाच्या माथी?

२०२५ साली दोन महिन्यांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. मे महिन्यात विदर्भासह महाराष्ट्राच्या काही भागांतल्या पेट्रोलपंपचालकांनी १० तारखेपासून डिजिटल पेमेंट घेणार नाही असा इशारा दिला. जुलैत बंगळुरूच्या चहाटपऱ्या, बेकऱ्या आणि किराणा दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले आणि तिथे ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. दोन्ही वेळी गिऱ्हाइकाचा पहिला सूर एकच होता: हा दुकानदार एक तर आडमुठा आहे, नाही तर करबुडवा. खिशात पाकीट ठेवायची सवयच मोडलेल्या माणसाला वीस रुपयांच्या चहासाठी एटीएम शोधावं लागलं की तो चिडणारच. पण हा राग बहुधा चुकीच्या माणसावर निघतो. दुकानदाराने एखादं चलन नाकारणं आपल्या बाजारपेठांना नवं नाही. गेल्या अडीचशे वर्षांत ते अनेकदा घडलं आहे, आणि त्याचं मूळ हट्टात क्वचितच सापडतं. कोणतंही चलन वापरण्याला काही खर्च असतो. जुन्या हिशेबात त्याला बट्टा म्हणत. हा बट्टा गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या माथी आला की तो चलन नाकारतो. दुसऱ्या कुणी उचलला की तेच चलन तो मुकाट्याने घेतो. कायद्याच्या धाकाने ही गोष्ट फारशी बदललेली नाही.

पेशवाईतल्या बाजारापासून सुरुवात करू. त्या काळी ‘रुपया’ असा एक नव्हता. पुण्याकडे अंकुशी, नाशिकच्या बाजूला चांदवडी, बागलकोटची मल्हारशाही, कोल्हापूरची शंभू पिरखानी, शिवाय नागपूरकडचा वेगळा आणि निजामाच्या मुलखातला आणखी वेगळा. प्रत्येकाची चांदी कमी-अधिक, वजनही कमी-अधिक. म्हणून नाणं हातात आलं की ते दगडावर आपटून आवाज ऐकायचा, कसाला लावायचं, तोलायचं, आणि मग बट्टा कापून किंमत ठरवायची. हे काम करणारे पोतदार, पारखी आणि सराफ पुढे आडनावांतून आपल्यात राहिले. वाणी परमुलखातला रुपया सरळ घेत नसे, कारण तो पुढे चालवताना बट्टा त्याच्याच पदरी पडणार होता. देशभर थोड्याफार फरकाने हेच चाललं होतं. आज चंदीगडला खेटून असलेलं खरड गाव इंग्रजी अमलात अंबाला जिल्ह्यातल्या तहसिलीचं ठिकाण होतं आणि शेजारीच पतियाळा संस्थानाचा मुलूख, जिथे राजाशाही रुपया पडत असे. अशा सरहद्दीवरच्या बाजाराला दोन्ही सरकारांच्या नाण्यांशी जमवून घ्यावंच लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या बजबजपुरीचं चित्र उभं केलं आहे. मुघल सत्ता खिळखिळी झाली, टांकसाळी ज्याच्या त्याच्या हाती गेल्या आणि नाण्याच्या छापावरचा भरवसा उडाला, हा त्यांच्या मांडणीचा धागा आहे. छापावर भरवसा नसला की पारखण्याचा खर्च प्रत्येक व्यवहारात नव्याने करावा लागतो, आणि तो कुणाच्या तरी खिशातून जातो. रयतेच्या मनात मात्र टांकसाळवाला नसे. समोर सराफ बसलेला असे, म्हणून शिव्या सराफाला.

१८३५मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेनचा एकच रुपया ठरवला. त्याने हे सगळं एका दिवसात मिटलं असं शाळेत वाटतं, पण तसं झालं नाही. जुनी नाणी कित्येक वर्षं बाजारात फिरत राहिली. निजामाच्या राज्यात तर हाली शिक्का थेट १९५०च्या दशकापर्यंत टिकला. ठरलेला भाव असा की ११६ रुपये १० आणे ८ पै हाली म्हणजे १०० रुपये कलदार (इंग्रजी रुपये), सोप्या हिशेबात सातास सहा. मराठवाड्यातून रेल्वेने मनमाडला उतरणारा माणूस एका चलनातून दुसऱ्यात उतरत असे. अशा ठिकाणी हाली नको म्हणणारा दुकानदार अडेलतट्टू नव्हता. सातास सहाचा हिशेब रोज करायचा आणि साठलेली हाली कुठे तरी नेऊन बदलायची, एवढा व्याप एका विड्याच्या नफ्यात बसत नाही, इतकंच.

कागदी नोटांची कथा याहून बोलकी आहे, कारण तिथे नोट सरकारचीच होती. १८६१च्या कायद्याने सरकारने नोटा काढल्या खऱ्या, पण देशाची मंडळं पाडली आणि एका मंडळाची नोट फक्त त्याच मंडळात कायदेशीर चलन ठेवली. मुंबईची नोट कलकत्त्याला दाखवली तर समोरचा ती नाकारू शकत होता, किंवा बट्टा लावून घेऊ शकत होता. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालेल असं १९०३मध्ये ठरलं, दहा आणि पन्नासची १९१०मध्ये, शंभरची १९११मध्ये. म्हणजे सुमारे चार दशकं व्यापाऱ्याने परमंडळाची नोट नाकारली, आणि ती नाकारण्याचं कारण खुद्द सरकारने निर्माण केलेलं होतं. ती नोट वटवण्याचा, दूरच्या कचेरीत पाठवण्याचा आणि तोवर पैसा अडकून पडण्याचा खर्च सरकारला नको होता. पुढे सरकारने तो उचलला आणि कुणाला शिक्षा न करता नकार हळूहळू विरला. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हाही लहान प्रमाणात तेच झालं. एका आण्याचे सव्वासहा पैसे, पण कोष्टकात सहा. चार आण्यांचे पंचवीस, पण एक-एक करून दिलेल्या चार आण्यांचे चोवीस. आण्याची वस्तू सहा पैशांना द्यायची की सातला, यावर काउंटरवर वाद झाले. त्या पाव पैशाचं काय करायचं हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आपल्या आठवणीतल्या काळाकडे आलं की एक गैरसोयीची गोष्ट समोर येते: नाकारण्याचा मान फक्त दुकानदाराकडे नाही. सुट्ट्याऐवजी चॉकलेट हातावर टेकवणाऱ्या दुकानदाराला सगळे बोलले, पण दहा रुपयांचं नाणं खोटं आहे ही अफवा पसरली तेव्हा सुट्टे परत घ्यायला गिऱ्हाईकच तयार नव्हतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८मध्ये खुलासा केला. त्या नाण्याचे चौदाही नमुने कायदेशीर चलन आहेत असं स्पष्ट सांगितलं. तरी कित्येक गावांत ते नाणं चालेना, कारण उद्या हे आपल्याकडून कुणी घेतलं नाही तर, ही भीती प्रत्येकाला होती. १९ मे २०२३ला दोन हजारांची नोट मागे घेतली जाणार असं जाहीर झालं. नोट कायदेशीर राहिली होती आणि बदलायला चार महिन्यांहून अधिक मुदत होती. दुसऱ्या दिवसापासून ती शंभरच्या पेट्रोलसाठी पंपावर पुढे होऊ लागली आणि अनेक दुकानांत नाकारली जाऊ लागली. कायदेशीर चलन असण्याने जर चलन चालत असतं, तर हे व्हायला नको होतं. नोटेमागचा कायदा शाबूत होता, तरी बँकेच्या रांगेत उभं राहण्याचा बट्टा नोट सर्वात शेवटी हातात असलेल्या माणसाला भरायचा होता.

आता मोबाइलकडे येऊ. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ला राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून गाजलं. बँकेने दुकानदारांना कार्डयंत्रं दिली, अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्घाटनाला आले, वडापावही कार्डावर मिळतो अशी छायाचित्रं छापून आली. पुढे तिथून रोकड परतल्याच्याच बातम्या आल्या. उद्घाटनाच्या पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१७मध्ये, देशभरातल्या पेट्रोलपंपचालकांनी ९ तारखेपासून कार्ड घेणार नाही असं जाहीर केलं, कारण काही बँकांनी त्यांच्याकडून व्यवहारामागे एक टक्का शुल्क मागितलं होतं. लिटरमागे ठरीव कमिशनवर चालणाऱ्या धंद्यात एक टक्का म्हणजे मोठा घास. लोक चिडले, सरकार मध्ये पडलं, निर्णय पुढे ढकलला गेला आणि शेवटी शुल्क पंपांवरून हटलं. १ जानेवारी २०२०पासून तर यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून काहीच शुल्क घ्यायचं नाही असा नियम झाला. त्यानंतर काय झालं हे भाजीच्या हातगाडीवर लटकणाऱ्या क्यूआर कोडने दाखवून दिलं. ऑगस्ट २०२५मध्ये महिन्याला २,००० कोटींहून अधिक यूपीआय व्यवहार झाले. धसईच्या दुकानदारांना जे प्रबोधनाने जमलं नाही, ते शून्य शुल्काने देशभर झालं.

इथे पहिला आक्षेप येतो. शुल्क शून्य असेल तर बट्टा कुठे उरला? मग २०२५मध्ये पंपवाले आणि टपरीवाले का बिथरले? उत्तर असं की बट्टा टक्क्यांतच मोजला जातो असं नाही. पंपवाल्यांची तक्रार नीट पाहा. एखाद्या भामट्याने कुणाच्या खात्यातून उडवलेले पैसे चार खात्यांतून फिरवले आणि शेवटी त्यातल्या पाचशे रुपयांचं पेट्रोल भरलं. फसवला गेलेला माणूस सायबर पोलिसांकडे जातो, पैशाचा माग काढला जातो आणि माग जिथवर जाईल तिथवरची खाती गोठतात. पंपवाल्याने पेट्रोल खरोखर विकलेलं असतं, गाडीचा नंबरही त्याला ठाऊक नसतो, पण तेल कंपनीला पुढच्या टँकरचे पैसे ज्या खात्यातून भरायचे तेच खातं अडकतं. रोख घेतली असती तर हे झालं नसतं. चोरीची नोट गल्ल्यात आली तरी तिच्यामागे गल्ला बंद होत नाही. छोट्या दुकानदाराचा बट्टा आणखी वेगळा: पैसे गेल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारी गिऱ्हाइकं. त्यावर उपाय म्हणून ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ असं ओरडून सांगणारा डबा आला आणि त्या डब्याचं महिन्याला भाडं आलं. पोतदार दगडावर रुपया वाजवून जे ऐकत असे तेच हा डबा ऐकवतो, आणि पोतदाराप्रमाणे तोही फुकट काम करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बंगळुरूच्या प्रकरणात खातं गोठण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न कराचा होता. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, त्यांत हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला सुमारे २९ लाखांची. तेव्हा रोखीकडे वळणारा माणूस उघडच उलाढाल लपवत होता, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांची बाजू खोडून काढता येत नाही. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीवर नोंदणी करावी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांवर. ४० लाख म्हणजे दिवसाला सुमारे अकरा हजारांची विक्री, आणि गजबजलेल्या नाक्यावरची बेकरी ती सहज ओलांडते. अशा माणसाने कर भरावा, यात वाद नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. ताजी भाजी करमुक्त आहे, आणि खात्यात आलेला प्रत्येक रुपया ही विक्रीच असते असंही नाही. मेहुण्याने परत केलेली उसनवारीही त्याच क्यूआर कोडवर येते. हे निवडून सिद्ध करायचं ओझं, वकिलाच्या फीसकट, विक्रेत्यावर आलं. दुसरं म्हणजे करचुकवेगिरीला आपण गिऱ्हाईकही हातभार लावतो. ‘बिल नको, थोडं कमी करा’ हे वाक्य दुकानदाराने शोधलेलं नाही. शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं जाहीर करावं लागलं. धाक दाखवून क्यूआर कोड परत लागले नसते, हे सरकारच्याही ध्यानात आलं.

मग गिऱ्हाइकाला हक्क काही आहे की नाही? ग्राहक चळवळ आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. वजन-मापापासून छापील किमतीपर्यंत अनेक लढे या संस्थांच्या जोरावर लढले गेले. पण मोबाइलवरून पैसे घ्याच, असं कोपऱ्यावरच्या वाण्याला कायदा सांगत नाही. यूपीआय हे कायदेशीर चलन नाही. इलेक्ट्रॉनिक पेमेंटची सोय ठेवण्याची सक्ती २०१९मध्ये आयकर कायद्यात आली ती वर्षाला ५० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांपुरती. गिऱ्हाइकाच्या हाती उरतं ते दुसऱ्या दुकानात जाणं. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर हे हत्यारासारखं वापरता येतं. धसईसारख्या गावात, जिथे दुकानंच मोजकी आणि मोबाइलची रेंज जाते-येते, तिथे त्याला अर्थ राहत नाही.

यूपीआयचा खर्च नाहीसा झालेला नाही, तो सध्या सरकारी तिजोरीने उचलला आहे. छोट्या दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी केंद्राने २०२४–२५ या वर्षाकरता सुमारे १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मार्च २०२५मध्ये मंजूर केली. आदल्या वर्षीची रक्कम याच्या दुपटीहून अधिक होती. मोठ्या व्यापाऱ्यांवर पुन्हा शुल्क लावू द्या, अशी पेमेंट कंपन्यांची मागणी आहे. जून २०२५मध्ये अर्थ मंत्रालयाने तशा बातम्या निराधार ठरवल्या. हा खर्च तिजोरीतून जातो आहे तोवर आठवड्याच्या बाजारात मोजून नोटा देणारी, स्मार्टफोन नसलेली बाई काडेपेटीपासून साबणापर्यंत जो कर भरते, त्यातूनही हा बट्टा जातो.