गुडघ्यांतील अक्कल

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. प्रेक्षकांचा सामना त्यानंतर सुरू होतो. परतीच्या गाडींत, चहाच्या दुकानांत, दुसऱ्या दिवशीं कचेरींत तो चालूच असतो. अमका गडी काल कसा खेळला, तमक्यानें ती संधी कां दवडली, याची चर्चा करण्याचा प्रेक्षकांस पूर्ण अधिकार आहे. परंतु ही चर्चा थोडी तापली कीं तिला हळूच दुसरें वळण लागतें. खेळ कसा झाला हा प्रश्न मागें पडतो आणि या माणसास मैदानाबाहेर कांहीं अक्कल आहे काय, असा दुसराच प्रश्न पुढें येतो. आपल्याकडे एखाद्याची अक्कल गुडघ्यांत आहे असें आपण म्हणतों. फुटबॉलच्या खेळाडूस तर हा शब्द जणूं जन्मतःच चिकटलेला असतो, कारण त्याचें पोटच मुळीं गुडघ्याखालच्या अवयवावर चालतें!

हा आरोप आला कोठून? त्याचा शोध घ्यावयाचा तर इंग्लंडांत जावें लागतें. कारण या खेळाचे नियम आणि खेळाडूंविषयींचीं मतें हीं दोन्ही प्रथम तेथेंच घडलीं. १८६३ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनमधील एका खानावळींत कांहीं मंडळी जमली आणि तिनें फुटबॉल असोसिएशन स्थापन केलें. ही बहुतेक मंडळी बड्या शाळांतून शिकलेली, सुखवस्तु घरांतील होती. १८७१-७२ पासून चषकाचे सामने सुरू झाले आणि पहिलीं अकरा वर्षें तो चषक अशाच हौशी संघांकडे राहिला. ऑक्सफर्ड विद्यापीठाचा संघ, लष्करांतील इंजिनियर अधिकाऱ्यांचा संघ, ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ हे त्यांपैकीं होत. त्या काळांत फुटबॉल खेळणाऱ्यास बुद्धि असते कीं नाहीं, हा प्रश्न कोणाच्या मनांत फारसा येत नसे. वकील, धर्मोपदेशक, सरदारपुत्र हेच जेथें चेंडू लाथाडीत होते, तेथें असा प्रश्न विचारणार कोण?

मग १८८३ साल उजाडलें. मार्च महिन्याच्या ३१ तारखेस लंडनच्या ओव्हल मैदानावर ईटनच्या माजी विद्यार्थ्यांसमोर ब्लॅकबर्न ऑलिंपिक नांवाचा संघ उभा राहिला. हा लँकेशायरमधील गिरणगांवाचा संघ. त्यांत सूतगिरणींतील कामगार होते, नळकाम करणारा एक होता, चित्रांच्या चौकटी करणारा एक होता. सामन्यापूर्वीं या मंडळींनीं समुद्रकांठीं ब्लॅकपूल येथें राहून पद्धतशीर तयारी केली होती. बड्या घरच्या खेळाडूंची रीत अशी कीं चेंडू पायांत घेऊन एकट्यानें घुसावयाचें. या कामगारांनीं मैदानाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेस लांब चेंडू देण्याचा सराव केला होता. जादा वेळांत अशाच एका चेंडूवर विजयी गोल झाला आणि दोन विरुद्ध एक अशा फरकानें चषक उत्तरेकडे गेला. त्यानंतर कोणत्याही हौशी संघास तो पुन्हा कधींही मिळाला नाहीं.

या सामन्यांत डोकें कोणीं चालविलें, हें सांगावयास नको. तथापि समाजाचा निवाडा मात्र उलट झाला. १८८५ त वेतन घेऊन खेळण्यास अधिकृत मान्यता मिळाली. खेळाडू हा आतां मजूर ठरला. आणि जो मजूर, त्याचें शरीर तेवढें कामाचें, विचार करणें हें दुसऱ्याचें काम, ही गिरणीमालकाची जुनी समजूत त्याच्याही माथीं आली. १९०१ पासून त्याच्या वेतनाला आठवड्यास चार पौंडांची मर्यादा घालण्यांत आली. करार संपला तरी क्लबाच्या परवानगीवांचून त्यास दुसरीकडे जातां येत नसे. अक्कल गुडघ्यांत असल्याचा आरोप खेळाच्या निरीक्षणांतून नव्हे, तर या व्यवस्थेंतून बळावला, असें माझें मत आहे. ज्यास स्वतःच्या श्रमाचा सौदा करूं द्यावयाचा नाहीं, त्यास सौद्याची समज नाहीं असें म्हणणें फार सोयीचें असतें.

आतां मैदानावरील बुद्धीचीं दोन उदाहरणें पाहूं. न्यूकॅसल संघांत बिल मॅक्रॅकन नांवाचा एक आयरिश बचावपटू होता. त्या वेळच्या ऑफसाइडच्या नियमाप्रमाणें, चेंडू पुढें दिला जातांना आक्रमकासमोर प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. मॅक्रॅकननें या नियमाचा असा कांहीं अभ्यास केला कीं नेमक्या क्षणीं दोन पावलें पुढें सरकून तो समोरच्यास अलगद ऑफसाइडच्या सांपळ्यांत पकडीत असे. परगांवचे प्रेक्षक त्याच्यावर संतापत, आरडाओरड करीत. इतर संघांनींही ती युक्ति उचलली आणि खेळ इतका अडखळूं लागला कीं अखेर १९२५ सालीं नियमच बदलावा लागला. तीन गड्यांच्या जागीं दोन झाले. परिणाम काय झाला? इंग्लिश लीगमधील एकंदर गोल एका हंगामांत ४,७०० वरून ६,३७३ वर गेले! अंगबळाच्या जोरावर असा नियम बदलावयास लावतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण त्याच वर्षाचें. चार्ली बकन हा सुंदरलंडचा नामांकित आक्रमक १९२५ त आर्सेनल संघांत आला. ऑक्टोबरच्या ३ तारखेस नव्या नियमाखालीं आर्सेनलचा न्यूकॅसलकडून सात विरुद्ध शून्य असा धुव्वा उडाला. तेव्हां बकननें व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांजपाशीं आग्रह धरला कीं मधला गडी, ज्यास सेंटर हाफ म्हणत, तो मागें घेऊन त्यास तिसरा बचावपटू करावा. चॅपमन यांनीं तें मानलें. दोनच दिवसांनीं आर्सेनलनें वेस्ट हॅमला चार गोलांनीं हरविलें आणि पुढें ही रचना साऱ्या इंग्लंडांत पसरली. हाच बकन देशाच्या संघांतून मात्र अवघे सहा सामने खेळला. कारण काय सांगत असत? तर हा फार हुशार, याचे डाव सोबत्यांनाच कळत नाहींत! म्हणजे पाहा, खेळाडूस बुद्धि नाहीं म्हणूनही दोष आणि बुद्धि अधिक आहे म्हणूनही दोष. हा बकन पुढें वृत्तपत्रांत लिहूं लागला आणि १९५१ त त्यानें स्वतःच्या नांवाचें फुटबॉलचें मासिक काढलें.

परंतु आपला मूळ प्रश्न मैदानाबाहेरील अकलेचा आहे. तेथेंही इतिहास मुका नाहीं. १९०७ च्या डिसेंबरांत मँचेस्टरमधील एका हॉटेलांत बिली मेरेडिथ, चार्ली रॉबर्ट्स इत्यादि खेळाडूंनीं आपला मजूरसंघ स्थापन केला. मेरेडिथ हा लहानपणीं वेल्समधील कोळशाच्या खाणींत राबलेला. १९०९ त असोसिएशननें फर्मान काढलें कीं संघ सोडा, नाहींतर खेळ सोडा. अनेक जण वांकले. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू वांकले नाहींत. त्यांनीं स्वतःस ‘बहिष्कृतांचा क्लब’ असें नांव घेऊन छायाचित्र काढविलें आणि बाणा सोडला नाहीं. अखेर हंगामाच्या तोंडावर तडजोड झाली आणि त्यांचा मजूरसंघ टिकला.

तो टिकला म्हणूनच पुढें अर्ध्या शतकानें जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालीं वेतनमर्यादेविरुद्ध लढा उभा राहूं शकला. ही मर्यादा तेव्हां आठवड्यास वीस पौंड होती. त्या वेळच्या एका सभेची आठवण सांगतात. एक तरुण खेळाडू उठून म्हणाला कीं माझे वडील खाणींत काम करतात, त्यांच्यापेक्षां मला अधिक मिळतें, मग तक्रार कशाची? यावर बोल्टनचा बचावपटू टॉमी बँक्स उभा राहिला. तो स्वतः खाणींत काम केलेला. त्याच्या उत्तराचा भावार्थ असा होता: वडिलांस सांग, तुमची पाळी मी भरून काढतों, तुम्ही मात्र शनिवारीं तीस हजार लोकांसमोर स्टॅन्ली मॅथ्यूजला अडवून दाखवा. सभेचा रोख तेथेंच बदलला. श्रमाचें मोल केवळ घामावर ठरत नसून दुर्मिळ कौशल्यावरही ठरतें, हा अर्थशास्त्राचा धडा त्यानें दोन वाक्यांत शिकविला. १९६१ च्या जानेवारींत संपाची तारीख ठरलेली असतांना मर्यादा रद्द झाली. पुढें १९६३ त जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यांत न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं, खेळाडूस डांबून ठेवण्याची ती जुनी पद्धत धंद्याच्या स्वातंत्र्यास अवाजवी बाध आणणारी आहे, असा निर्णय दिला.

येथें कोणी म्हणेल, हीं व्यवहारज्ञानाचीं उदाहरणें झालीं, विद्येचें काय? विद्येचींही आहेत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें भारतीय संघाचा कर्णधार तालिमेरेन आओ हा नागा डोंगराळ मुलखांतला, वैद्यक शिकणारा तरुण होता. पुढें तो डॉक्टर होऊन नागालँडच्या आरोग्यखात्याच्या प्रमुखपदापर्यंत चढला. ब्राझीलचा कर्णधार सॉक्रेटिस हाही डॉक्टरकीची पदवी घेतलेला. त्याच्या कोरिंथियन्स क्लबांत १९८२ च्या सुमारास लहानमोठे सर्व जण मत देऊन निर्णय घेत. आणि लष्करी राजवटींत दबलेल्या देशास मतदानाची आठवण देणारीं अक्षरें या संघाच्या सदऱ्यांवर झळकत असत. पण यांतून विद्या आणि खेळ यांचें गणित सुटतें असें समजूं नका. आओच्या संघास फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी मिळाल्या, त्या दोन्ही वाया गेल्या आणि सामना दोन विरुद्ध एक असा हातचा गेला. सॉक्रेटिसनेंही १९८६ च्या जागतिक स्पर्धेंत त्याच फ्रान्सविरुद्ध निर्णायक पेनल्टींच्या वेळीं आपली पेनल्टी दवडली. पदवीनें चेंडू जाळ्यांत जात नाहीं. आणि चेंडू जाळ्यांत गेला नाहीं म्हणून पदवी खोटी ठरत नाहीं. खेळाचा निकाल आणि माणसाचा निकाल हीं दोन वेगळीं न्यायालयें आहेत.

तथापि, श्रोतेहो, हा विषय केवळ वादविवादाचा असता तर मीं आपला वेळ घेतला नसता. खेळाडूच्या डोक्याची ही थट्टा एका ठिकाणीं फार कडू होते.

जेफ ॲस्टल हा वेस्ट ब्रॉमविच संघाचा आक्रमक, डोक्यानें गोल करण्यांत विशेष निपुण. १९६८ त त्याच्याच गोलानें त्याच्या क्लबास चषक मिळाला. परंतु १९७० च्या जागतिक स्पर्धेंत ब्राझीलविरुद्ध तो बदली म्हणून आला, समोर मोकळें गोल असतांना त्याचा चेंडू बाहेर गेला आणि इंग्लंड एका गोलानें हरलें. त्या एका चुकीची चर्चा प्रेक्षकांनीं वर्षानुवर्षें केली. खेळ सोडल्यावर ॲस्टलनें खिडक्या पुसून देण्याचा धंदा काढला आणि आपल्या जाहिरातींत लिहविलें कीं हा गृहस्थ कोपरे कधीं चुकवीत नाहीं. स्वतःच्या प्रसिद्ध चुकीवर असा विनोद करणाऱ्यास बुद्धि नव्हती असें कोण म्हणेल?

तीच बुद्धि पुढें झिजूं लागली. त्यास स्मृतिभ्रंशाचा विकार जडला आणि २००२ त, वयाच्या ५९ व्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें निर्णय दिला कीं हा मृत्यु धंद्यांतून आलेल्या रोगामुळें झाला. वर्षानुवर्षें जड चेंडू डोक्यानें मारल्याचा तो परिणाम होता. १९६६ च्या जगज्जेत्या इंग्लिश संघांतील रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि चार्ल्टन बंधु यांनाही उतारवयांत असाच विकार झाला. २०१९ त ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनीं स्कॉटलंडमधील ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी सामान्य लोकांच्या नोंदींशीं ताडून पाहिल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनीं मरण येण्याचें प्रमाण खेळाडूंत सुमारें साडेतीन पट आढळलें. त्यानंतर २०२० त इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथें लहान मुलांस सरावाच्या वेळीं चेंडू डोक्यानें मारावयास शिकविण्यावर बंधन आलें.

ज्यांच्या डोक्यांत कांहीं नाहीं म्हणून आपण हंसलों, त्यांनीं आपल्या करमणुकीसाठीं तेंच डोकें खर्ची घातलें होतें. ॲस्टलच्या मृत्यूनंतर हें समजण्यास जो विलंब लागला, त्यास अनेक कारणें असतील. परंतु खेळाडूचें शरीर तेवढें मोलाचें, त्याच्या मेंदूचा हिशेब कोणीं ठेवावयाचा, ही शंभर वर्षांची संवय त्यांतील एक कारण आहे, असें मला वाटतें.

म्हणून माझें सांगणें एवढेंच आहे. सामन्यानंतर अवश्य वाद घाला. अमक्यानें चेंडू उशिरा दिला, तमका जागेवर नव्हता, हें ठामपणें म्हणा. पैसे देऊन तिकीट काढणाऱ्याचा तो हक्क आहे आणि खेळाची समज त्यानेंच वाढते. पण वाद त्या नव्वद मिनिटांच्या कुंपणांत राहूं द्या. खेळाडूची मैदानाबाहेरील अक्कल मोजावयाचीच असेल, तर त्यानें आपल्या सोबत्यांसाठीं काय केलें, अन्यायापुढें तो वांकला कीं उभा राहिला, स्वतःच्या चुकीवर त्यास हंसतां आलें कीं नाहीं, या मापांनीं मोजा. तीं मापें आपणां सर्वांस सारखींच लागू आहेत.