चंद्राची मुलं आणि आईवरचा ठपका

ग्रहण लागलं की गरोदर बाईला घरात बसवायचं, तिने विळीला हात लावायचा नाही, काही चिरायचं नाही, ही रीत आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. बाळाचा ओठ फाटलेला निघाला, की पहिला प्रश्न आईलाच येतो: ग्रहणात काय केलंस? आज आम्ही फार दूरच्या लोकांची गोष्ट सांगणार आहोत. त्यांच्याकडेही चंद्राचा दोष असाच आईच्या पदरात पडत होता.

उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणाऱ्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर पनामा देश आहे. तिथले गुणा हे आदिवासी पूर्वी दारिएनच्या जंगलात राहायचे. आता बरेचसे समुद्रातल्या लहान लहान बेटांवर राहतात. सन 1681 मध्ये लायोनेल वेफर नावाचा समुद्री लुटारूंचा डॉक्टर त्यांच्यात येऊन पडला. बंदुकीच्या दारूने त्याचा गुडघा भाजला होता. गुणांनी वनस्पती चावून लगदा केला, केळीसारख्या पानावर पसरून जखमेवर बांधला आणि त्याला बरं केलं. डॉक्टरलाच औषध दिलं म्हणायचं!

त्याने 1699 साली पुस्तक छापलं. त्यात लिहिलं, की या तांबूस लोकांत दोन-तीनशेंमागे एखादं माणूस दुधासारखं पांढरं असतं. त्याला उन्हात नीट दिसत नाही, पण चांदण्या रात्री ते रानात हरणासारखं धावतं. कारण विचारलं, तेव्हा त्याला सांगण्यात आलं, की गर्भ राहताना आईने चंद्राकडे पाहिलं म्हणून असं मूल होतं. बापाने कुठे पाहिलं, हे काही कोणी विचारलं नाही.

याला अल्बिनिझम म्हणतात. हे कोड नव्हे. कोडाचे डाग पुढे कधीतरी उठतात, हे जन्मापासूनच असतं. कातडी, केस आणि डोळे यांना रंग देणारं द्रव्य शरीरात फार कमी बनतं किंवा बनतच नाही. जगात साधारण सतरा ते वीस हजारांत एखादं मूल असं जन्मतं. गुणांमध्ये हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आहे.

का, तेही सोपं आहे. अंगाच्या रंगासाठी प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक चिठ्ठी कोरी असली तरी दुसरी काम भागवते आणि माणूस सावळाच दिसतो. आपल्याजवळ कोरी चिठ्ठी आहे, हे त्याला कळतही नाही. अशी दोन माणसं नवरा-बायको झाली, की प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता, की बाळाला दोन्ही कोऱ्याच मिळतील. गुणा थोडे, आणि सोयरीक आपसातच. त्यामुळे कोऱ्या चिठ्ठ्या त्याच घरांतून फिरत राहिल्या. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरात मुलगी देतात, तिथेही लपलेले दोष याच वाटेने भेटतात.

एके काळी गुणा या पांढऱ्या माणसांना लग्न करू देत नसत. तरी अशी मुलं जन्मतच राहिली, कारण ती सावळ्या आईबापांच्या पोटी येत होती. दुसरीकडे त्यांना मानही होता. ग्रहणात कोणी राक्षसी जनावर चंद्राला गिळतं, अशी समजूत. तेव्हा बाकी सगळ्यांनी घरात राहायचं आणि चंद्राच्या या मुलांनी बाहेर येऊन छोट्या धनुष्याने आकाशात बाण सोडायचे. एकाच माणसाला लग्न नाकारायचं आणि चंद्र वाचवायलाही त्यालाच पाठवायचं, हे आम्हाला मोठं अजब वाटतं.

रिचर्ड मार्श हा अमेरिकन माणूस आधी रबराच्या लागवडीसाठी जमीन शोधत तिथे गेला होता. सन 1924 मध्ये त्याने ‘गोरे आदिवासी’ सापडल्याचा गाजावाजा केला आणि काही गुणांना, त्यांत पांढऱ्या मुलांनाही, अमेरिकेत नेलं. वर्तमानपत्रांना तमाशा मिळाला. शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं, की ही वेगळी जात नाही, गुणांचीच लेकरं आहेत.

त्याच काळात पनामाचे पोलीस बेटांवर गुणा बायकांच्या नाकातल्या सोन्याच्या वाळ्या आणि पायांतले मणी उतरवायला लावत होते. त्यांच्या मोलालाही बंदी होती. मोला म्हणजे रंगीत कापडाचे थर एकावर एक ठेवून, कापून, शिवून केलेली चोळीची नक्षी. फेब्रुवारी 1925 मध्ये गुणांनी बंड केलं. मार्श त्यांच्या बाजूने होता. मार्चमध्ये तह झाला आणि 1938 साली त्यांच्या प्रदेशाला स्वतंत्र दर्जा मिळाला. आज मोला विकून तिथल्या बायका घर चालवतात. लग्नानंतर जावई सासरी राहायला येतो, म्हणून घरावर आईचीच मांड असते. तरी चंद्राकडे पाहिल्याचा ठपका तिच्यावरच.

त्या मुलांचा खरा वैरी ऊन आहे. रंग नसल्याने कातडी भाजते, पुढे कातडीचा कर्करोग होऊ शकतो, नजरही अधू असते. म्हणून लांब बाह्या, रुंद टोपी, उन्हापासून वाचवणारं मलम, आणि कातडीवरची न भरणारी जखम डॉक्टरला लगेच दाखवणं. आपल्या गावात असं मूल असेल, तर त्यालाही हेच लागतं, आणि शाळेत फळ्याजवळची जागा.