सरकून बसा : परसातल्या एका बाकाची कुळकथा

आजचा विषय आहे एक लाकडी टेबल आणि दोन बाकं. हे ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचं वय झालं, आता हा सुतारकामावर बोलणार. वय झालंच आहे. पण घरातली वस्तू हाताने करायला घेतली की तिच्यामागचा इतिहास आपोआप उकलत जातो, हा आमचा या दोन-तीन वर्षांतला अनुभव आहे. तो सांगण्याजोगा वाटला.

महाडहून रायगडाकडे निघालात की पाचाडच्या अलीकडे नाते गाव लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १८९६ साली याच गावात जन्मले. आमचं जुनं घरही तिथलंच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यातून गेलं, त्यात आमच्या परसातला जुना फणस आडवा झाला. आजोबांनी लावलेलं झाड. गेली काही वर्षं त्याला फळही धरत नव्हतं. लेक म्हणाली, जाळू नका, परदेशातल्या बागांमधून असतात तसं टेबल आणि बाकं करू. सहा-आठ माणसं उघड्यावर चहाला बसतील. आम्ही हो म्हटलं.

आता, फणस स्वतःचा आहे म्हणून लगेच करवत लावली, असं चालत नाही बरं का. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यात जी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, त्यांच्या यादीत साग आणि खैर यांच्या जोडीला आंबा आणि फणसही आहेत. पडलेलं झाड असलं तरी कागद करावे लागतात. कागद करताना आम्हाला आठवण झाली ती रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यात आरमाराच्या लाकडाविषयी एक प्रसिद्ध प्रकरण आहे. जहाजाला मोठं लाकूड लागतं, ते रानातल्या सागवानाचं घ्यावं. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे आहेत, पण त्यांना हात लावू नये. का? तर ही झाडं एका-दोन वर्षांत वाढत नाहीत. रयतेनं ती लेकरांसारखी सांभाळून वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, त्याचं मोल देऊन मगच तोडावं. बघा, राज्याला लढाऊ जहाजं हवी आहेत, आणि तरीही परसातल्या फणसाला राज्यकर्ता धन्याची संमती विचारतो.

त्या वाचनामुळे आम्ही फार सुखावलो होतो. आपली परंपरा किती उदार, असं मनाशी म्हणतच आम्ही लाकूड चिरायला दिलं. हे सुख पुढे टिकलं नाही. ते कसं, ते सांगतो.

दीड इंच जाडीच्या फळ्या काढल्या. ओलं लाकूड सावलीत वाळवायचं, आणि इंचाला एक वर्ष धरायचं, असा सुतारांचा ढोबळ हिशेब. फळ्यांच्या टोकांना रंग फासला, म्हणजे त्या तडकत नाहीत. दोन फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घातल्या, म्हणजे वारा खेळतो. मध्येच जुलै २०२१ आला. महाड शहर पुरात बुडालं, तळियेवर दरड कोसळली. त्या दिवसांत टेबलाचं नाव काढायचीही लाज वाटली. अखेर २०२३ च्या उन्हाळ्यात गावातल्या सुतारांनी काम हातात घेतलं आणि आम्ही त्यांच्या हाताखाली राहिलो.

माप साधं. टेबल सहा फूट लांब, अडीच फूट उंच. बाकं दीड फूट उंच आणि फूटभर रुंद. परदेशी नमुन्यात बाकं टेबलाच्याच पायांना जोडलेली असतात. तिथे बसायचं तर पाय उचलून ओलांडावं लागतं; शिवाय एकाच बाजूला सगळे बसले की सगळंच कलंडू शकतं. आमच्या वयाची गुडघेदुखी आणि गावातल्या बायकांची नऊवारी लक्षात घेऊन सुतारांनी बाकं सुटी ठेवली. फळ्यांमध्ये पाव इंचाची फट सोडली, कारण आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं आणि पाणी निथळायला वाट लागते. पायांचे सांधे खाच आणि कुसू काढून बसवले. पाय मातीत न रोवता दगडी चिपांवर ठेवले, आणि खालून काजूच्या टरफलाचं तेल दिलं. वाळवीला ते चालत नाही. ताजा फणस हळदीसारखा पिवळा दिसतो, उन्हावाऱ्यात हळूहळू तपकिरी होतो. आमचं टेबल सध्या दोन्हींच्या मध्ये आहे.

काम चालू असताना सुतार विचारत होते, ‘बाकावर किती माणसं धरायची?’ आम्ही म्हटलं, तीन. ते म्हणाले, ‘तीन कशी? सरकली तर चार बसतील.’ हा ‘सरकली तर’ आमच्या डोक्यात राहिला. आमचा आजचा विषय खरा तिथे सुरू झाला.

आपल्या घरातली जुनी आसनं आठवा. पाट, चौरंग, घोंगडीची घडी, दर्भासन. पाटावर एकच माणूस बसतो. पाटाला कड असते, आणि ती कड सांगते की इथवर तुमची जागा. पंगतीला माणसं शंभर बसोत, पाट प्रत्येकाचा वेगळा, आणि कोणाच्या शेजारी कोणाचा पाट मांडायचा हे आधीच ठरलेलं. बाक हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या ‘बांको’वरून. बाकावर रेघ नसते. नवा माणूस आला की आधीच्याला हलावं लागतं. आमचा मुद्दा एवढाच आहे : बाक आपल्या समाजात आला तेव्हा आपल्याला सरकायची सवय नव्हती, आणि ती लागायला फार त्रास झाला.

पुरावा पाहू. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका समारंभानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. कोणी चहा घेतला, कोणी नुसता बाजूला सारला. तरी कोणाबरोबर बसलात, हा प्रश्न सुटला नाही. एका कपभर चहाने एवढ्या मोठ्या माणसांना जाब द्यावा लागला.

ही वरच्या मंडळींची अडचण. खालची अडचण वेगळ्याच जातीची होती. त्याच सुमारास जन्मलेला एक मुलगा, भीमराव, साताऱ्याच्या शाळेत जात होता. त्याला वर्गात वेगळं कोपऱ्यात बसावं लागे, स्वतःच्या गोणपाटावर. शाळेचा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून मुलाने ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपल्या बसण्याची जागा रोज काखोटीला मारून हिंडणं, ही कल्पना जरा करून पाहा.

आता महाड. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पण त्यानंतर तीन वर्षं त्यातलं पाणी कोणाला घेता आलं नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला आलेले हजारो लोक बाबासाहेबांच्या मागोमाग तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशी गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात लोक जेवत होते. त्यांच्यावर हल्ला झाला, शिजवलेलं अन्न मातीत गेलं. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, खटला चालला. उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला तो १९३७ च्या मार्चमध्ये. दहा वर्षं लागली.

नातेहून महाड किती दूर? एसटीने अर्धा-पाऊण तास. म्हणजे हा इतिहास आमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. आत आला होता का?

इथे आम्हाला स्वतःविषयी बोललं पाहिजे. आमचं बालपण पन्नास-साठच्या दशकातलं, म्हणजे राज्यघटना लागू झाल्यानंतरचं. परसाच्या मागच्या गडग्यात एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. गवत कापायला, लाकडं फोडायला वाडीतून माणसं येत. आमची आई उदार म्हणून गावात नावाजलेली. ती चहा वरून ओतायची. पिणाऱ्याने कप विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा. आजोबांचा तो फणस, ज्याला लेकरासारखं वाढवलं, त्याच्याच सावलीत हे चालायचं. आम्ही पाहत होतो आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पुढे चाळीस वर्षं आम्ही वर्गात कांट शिकवला, माणूस हे साधन नसून साध्य आहे हे फळ्यावर लिहिलं, आणि त्या कोनाड्याची आठवण एकदाही वर्गात काढली नाही.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता; पाट गेले, टेबलं आली, प्रश्न मिटला. तसं होत नाही. ज्या देशातून आमच्या टेबलाचा नमुना आला, तिथेच बघा. १९३३ ते १९४२ या काळात अमेरिकेत बेकार तरुणांची पथकं उद्यानांमध्ये कामाला लावली होती; अशी हजारो लाकडी टेबलं-बाकं त्यांनी घडवली. आणि त्याच काळात व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात ल्युईस माउंटन नावाची जागा कृष्णवर्णीयांसाठी वेगळी राखली गेली. लाकूड तेच, नमुना तोच, पण बसायचं वेगळं. ही विभागणी महायुद्धानंतर संपली. फर्निचर माणसाला सुधारत नाही.

आता आमची गोष्ट पुरी करतो. टेबल तयार झालं त्या आठवड्यात वाडीतले एक गृहस्थ आले. आमच्याच वयाचे; लहानपणी वडिलांच्या मागोमाग गवताला यायचे, म्हणजे त्या कपाची त्यांना आमच्यापेक्षा चांगली ओळख. पुढे एसटीत कंडक्टर झाले, तिथूनच निवृत्त झाले. आम्ही बाकावर कागद पसरून बसलो होतो. मोठ्या अगत्याने म्हटलं, ‘या, या, बसा.’ मनात कुठेतरी वाटलंही असेल की आज आपण काहीतरी फेडतो आहोत. ते उभेच राहिले. मग म्हणाले, ‘सर, जरा सरकून घ्या. तिघांची शीट आहे.’

आम्ही बाकाच्या मधोमध बसलो होतो. पाटावर बसावं तसे.

सरकलो. ते बसले, चहा झाला, पावसाच्या गप्पा झाल्या. कोनाड्याचा विषय त्यांनी काढला नाही. आम्हालाही त्या दिवशी काढता आला नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही काढला. ते म्हणाले, ‘आठवतं की. कप पांढरा होता, निळ्या काठाचा.’ आणि पुढे काही बोलले नाहीत. क्षमा मागायची तयारी आम्ही घरून करून आलो होतो. त्यांनी ती मागण्याची सोय ठेवली नाही. तो त्यांचा हक्क आहे, असं आता आम्हाला वाटतं.

बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांचं ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ १९१६ चं. लोकशाही म्हणजे नुसतं सरकार चालवणं नाही, एकमेकांत मिसळून जगण्याची ती रीत आहे, हा त्यातला विचार आम्ही अनेकदा शिकवला. तो आम्हाला समजला कंडक्टरच्या भाषेत. ‘या, बसा’ म्हणणारा यजमान असतो. जागा त्याची, औदार्य त्याचं. ‘सरकून घ्या’ म्हणणाऱ्याने तिकीट काढलेलं असतं. १९२४ चा ठराव ‘या, बसा’ असा होता. २० मार्च १९२७ ला लोक म्हणाले, सरकून घ्या. आणि जे मधोमध बसले होते त्यांना ते सहन झालं नाही.

आज्ञापत्रावर आम्ही सुरुवातीला सुखावलो होतो. ते प्रकरण आजही थोरच आहे. पण त्यात फणसाच्या धन्याची संमती विचारली आहे. फणसाखाली कोण बसू शकेल हे त्यात नाही. परंपरेतलं चांगलं वाचताना तिने काय विचारलं नाही हेही पाहावं, एवढं आम्ही या वयात शिकलो.

जाता जाता एक विनंती. तुमच्या जुन्या घरी गेलात, तर मागच्या भिंतीला, गडग्याला असा कोनाडा होता का, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती गेल्यावर सांगायला कोणी उरणार नाही. उत्तर मिळालं तर लिहून ठेवा, साल आणि गाव घालून. इतिहास यातूनही होतो.

आमचा कोनाडा अजून तसाच आहे. बुजवायचा नाही असं ठरवलं आहे. पावसाळा तोंडावर आलाय, बाकांना तेलाचा हात द्यायचा राहिलाय. थांबतो.