जाळीआडचा चेहरा : मालाडचा स्टुडिओ, जर्मन छायालेखक आणि १९३६ साल

१/ विक्रोळीच्या पूर्वेला, कांदळवनापलीकडे, ठाण्याची खाडी आहे. हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे धुके द्रुतगती मार्गापर्यंत सरकत येते, तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती प्रकाशाचे मऊ कडे उमटते. दिवा तोच असतो, जागच्या जागी असतो. हवेतले जलबिंदू त्याचा थोडा प्रकाश आजूबाजूला उधळतात, इतकेच. हे धुके मुद्दाम, हवे तेवढेच, कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवायचे, म्हणजे डिफ्यूजन फिल्टर. आज लग्नाच्या चित्रीकरणापासून वेबमालिकांपर्यंत त्याची चलती आहे. मात्र या मऊपणाचा एक मोठा अध्याय नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्याच उपनगरांत घडला. #थ्रेड

२/ प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. मऊ चित्र म्हणजे फोकस चुकलेले चित्र नव्हे. फोकस चुकला की वस्तूचा प्रत्येक बिंदू पसरट चकतीसारखा होतो आणि सगळेच विरघळते. डिफ्यूजनमध्ये बहुतांश प्रकाश सरळ आत जातो आणि रेखीव प्रतिमा उमटवतो. उरलेला थोडा प्रकाश किंचित कोनात विखुरतो आणि त्या रेखीव प्रतिमेवर साय धरावी तसा पसरतो. म्हणून पापणीचा केस दिसतो, पण त्वचेवरचा व्रण दिसेनासा होतो. केसांच्या कडा उजळतात. काळोख मात्र थोडा राखाडी होतो, आणि ही या सौंदर्याची किंमत असते.

३/ कारखान्यात घडवलेल्या काचा सर्रास मिळू लागण्याआधी छायालेखकांची साधने घरगुती होती : भिंगापुढे ताणलेला रेशमी पायमोजा, तलम जाळी, किंवा साध्या काचेवर बोटाने फासलेले व्हॅसलीन. पांढरी जाळी काळोखाला अधिक फिकट करते, काळी जाळी कमी. भिंग जितके लांब पल्ल्याचे, तितका त्याच जाळीचा परिणाम जास्त. म्हणून क्लोज-अपसाठी जाळी वेगळी आणि दूरच्या दृश्यासाठी वेगळी. काही जण जळत्या सिगारेटने जाळीला मधोमध भोक पाडीत. डोळे भोकातून लख्ख, भोवतालचा चेहरा जाळीतून. फिल्टर म्हणावे अशी ही गोष्ट तरी आहे का, असे वाटावे इतकी ती साधी होती.

४/ या अभिरुचीची एक आद्य प्रवर्तक कलकत्त्यात जन्मलेली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन (१८१५–१८७९) हिच्या हाती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ साली, कॅमेरा आला. तिच्या मऊ व्यक्तिचित्रांना समकालीन छायाचित्रकारांनी ‘फोकस जमत नाही’ म्हणून हिणवले. चित्रपटात हीच मृदुता १९१९ च्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये लिलियन गिशच्या चेहऱ्यावर हेंड्रिक सार्टोव्हने आणली. तो मूळचा व्यक्तिचित्रे काढणारा छायाचित्रकार. त्यानंतर ‘नायिकेचा क्लोज-अप मऊ’ हा जगभरच्या स्टुडिओंचा अलिखित नियमच झाला.

५/ आता मालाड. १९३४ साली विक्रोळी काय आणि मालाड काय, दोन्ही मुंबई शहराच्या हद्दीबाहेरची. एकीकडे मिठागरे, दुसरीकडे शेते आणि श्रीमंतांचे बंगले. तिथे हिमांशु राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली. भांडवल मुंबईच्या धनिकांचे, तंत्रज्ञ बरेचसे जर्मन : दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन, नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेटी, प्रयोगशाळेत विल्हेल्म झोले आणि कॅमेऱ्यामागे योझेफ विर्शिंग. म्युनिकच्या एमेल्का स्टुडिओत तयार झालेला विर्शिंग १९२५ च्या ‘प्रेम संन्यास’च्या चित्रीकरणासाठी पहिल्यांदा हिंदुस्थानात आला होता. देविका राणी स्वतः बर्लिनच्या उफा स्टुडिओत उमेदवारी करून आलेली. चेहऱ्यावर प्रकाश कसा पडतो हे तिला छायालेखकाइतकेच कळत असणार.

६/ विर्शिंगच्या पिढीने मऊपणाची दोन टोके सांभाळली. एक भिंगापुढे, दुसरे दिव्यापुढे. दिव्यावर रेशमी पडदा टाकला की सावल्यांच्या कडा विरतात. भिंगावर जाळी टाकली की उजेडाच्या कडा विरतात. दोन्ही एकत्र आले की देविका राणीचा तो परिचित चेहरा तयार होतो : कपाळ उजळ, गालांवर सावलीचा फक्त भास, केसांभोवती मंद प्रभा.

७/ या चेहऱ्याची खरी परीक्षा १९३६ साली झाली. ‘अछूत कन्या’. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण मुलगा प्रताप. प्रतापच्या भूमिकेत अशोककुमार. याच स्टुडिओच्या प्रयोगशाळेत काम करणारा तरुण, अपघातानेच नायक झालेला. प्रेम फळत नाही. शेवटी कस्तुरी गाडीखाली प्राण देते आणि फाटकाजवळ तिचे स्मारक उरते.

८/ ते साल डोळ्यांसमोर आणावे. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली होती. मे १९३६ मध्ये लाहोरसाठी लिहिलेले आणि संयोजकांनी होऊ न दिलेले भाषण ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने त्यांनी स्वतः छापले. त्याच महिन्याच्या अखेरीस दादरला महार परिषद भरली, ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण झाले. दादरहून मालाड लोकलने फार दूर नाही.

९/ दादरच्या मंडपात अस्पृश्यतेचा प्रश्न उघड्या उन्हात मांडला जात होता. मालाडच्या स्टुडिओत तोच प्रश्न जाळीतून झिरपत होता. कस्तुरीच्या भुवया कोरलेल्या आहेत, कांती नितळ आहे. फाटकावर उन्हातान्हात वाढलेल्या मुलीची एकही खूण भिंगाने आत येऊ दिलेली नाही. प्रेक्षकाला दया येते ती एका देखण्या दुःखाची. तिच्या वस्तीचे, तिच्या पाण्याचे, तिच्या बापाच्या मजुरीचे काय, हा प्रश्न त्या तेजोवलयाबाहेरच राहतो.

१०/ पण इतक्यावर निकाल देणे घाईचे ठरेल. पडद्यावरची सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे प्रकाश. तो त्या काळी राजकन्यांसाठी, देवींसाठी, फार तर शहरी सुशिक्षित नायिकांसाठी राखून ठेवलेला. अस्पृश्य मुलीच्या पात्राला तोच प्रकाश, तीच जाळी, तेच लांबलेले क्लोज-अप देणे हाही एक निर्णय होता. तो अपुरा होता, भिडस्त होता आणि एका सुधारक उच्चवर्गाच्या सोयीचा होता. तरीही त्याला निव्वळ फसवणूक म्हणता येत नाही. ‘कस्तुरीही सुंदर आहे’ इथपर्यंत मालाड आले. त्यापुढे आले नाही.

११/ तुलनेसाठी त्याच वर्षीचा दुसरा बोलपट घ्यावा : प्रभातचा ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, व्ही. अवधूत यांचे छायालेखन. त्यातली गौरीने साकारलेली जिजाई आठवा. म्हैस, शेण, भुकेली पोरे, आणि हातात पायताण घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला निघालेली बाई. तिच्या चेहऱ्यावर मेणाचा लवलेश नाही. वैकुंठाच्या दृश्यात प्रभातनेही चमत्काराची सगळी युक्ती वापरली. पण जिजाईला तिच्या उन्हातच ठेवले. गिरगावच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला. म्हणजे प्रेक्षकाला मऊच चेहरा हवा असतो, ही सबब त्या काळीही खरी नव्हती.

१२/ १९३९ साली महायुद्ध पेटले आणि जर्मन मंडळी एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली. विर्शिंग स्थानबद्ध झाला. मे १९४० मध्ये हिमांशु राय वारले. कॅमेरा मात्र थांबला नाही. १९४३ च्या ‘किस्मत’चे छायालेखन आर. डी. परीन्जा यांनी केले. तोवर स्टुडिओत देशी छायालेखकांची फळी तयार झाली होती.

१३/ सुटकेनंतर विर्शिंग परतला आणि त्याने ‘महल’ (१९४९) चित्रित केला. कमाल अमरोहींचे पहिले दिग्दर्शन, सोळा वर्षांची मधुबाला. इथे मऊपणाचा अर्थच पालटतो. ही बाई जिवंत आहे की भूत, हाच कथेचा पेच. ओसाड हवेली, झुलणारे झुंबर, झोपाळ्यावरची आकृती. कडा धूसर असल्याने प्रेक्षकाला खात्री वाटत नाही, आणि ती वाटू नये हीच गोष्टीची गरज. ‘अछूत कन्या’त जाळी काहीतरी झाकते. ‘महल’मध्ये धूसरताच कथा सांगते. विर्शिंगचे सर्वोत्तम काम हेच, असे म्हणायला हरकत नसावी.

१४/ पुढे ‘पाकीज़ा’. चित्रपट इतका रखडला की १९६७ साली विर्शिंगचे निधन झाले आणि उरलेले काम इतर छायालेखकांनी पुरे केले. प्रदर्शन फेब्रुवारी १९७२ मध्ये. या चित्रपटाची एक आख्यायिका सांगतात : परदेशातून भाड्याने आणलेल्या सिनेमास्कोप भिंगाचा फोकस केसभर चुकतो आहे हे मुंबईतल्या मंडळींनी ओळखले आणि भिंगाच्या मालकांना ते मान्य करावे लागले. आख्यायिकेत मीठमसाला असेल. पण मऊ आणि चुकलेले यांतला फरक ज्यांचा डोळा हेरतो, त्यांच्याबद्दलच अशा गोष्टी प्रचलित होतात.

१५/ दरम्यान दुसरी वाट निघाली होती. ‘अपराजितो’साठी (१९५६) सुब्रत मित्र यांनी स्टुडिओत बनारसचे अंगण उभारले, वर कापड ताणले आणि दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतवून खाली आणला. भिंगाला हात न लावता प्रकाशच मऊ केला. चेहरा खराच राहिला, सुरकुत्यांसकट.

१६/ इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी इथे एक सापळा आहे. ‘अछूत कन्या’ आज मोबाइलवर पाहताना जो धूसरपणा दिसतो तो सगळा विर्शिंगचा नव्हे. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून व्हिडिओ, त्यावरून दाबून लहान केलेली फाइल. प्रत्येक पायरीवर तपशील गळतो. हा धूसरपणा सर्वांगावर सारखा असतो. जाळीचा तसा नसतो : तो उजेडाभोवती जास्त आणि सावलीत कमी, नायिकेच्या क्लोज-अपमध्ये येतो आणि पुढच्याच सामूहिक दृश्यात नाहीसा होतो. पाठोपाठची दोन दृश्ये शेजारी ठेवावीत, म्हणजे काळाने काय पुसले आणि छायालेखकाने काय पुसले हे वेगळे करता येते.

१७/ याहून चांगला पुरावा विर्शिंगने स्वतःच मागे ठेवला. चित्रीकरणाच्या वेळी तो साध्या कॅमेऱ्याने स्थिरचित्रेही काढीत असे. त्याच्या कुटुंबाने गोव्यात जपलेला हा संग्रह २०१७ साली पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात लोकांसमोर आला. या छायाचित्रांत बोलपटाच्या चौकटीबाहेरचे मालाड आहे : दिव्यांचे खांब, परावर्तक फळ्या धरून उन्हात उभी असलेली माणसे, दोन दृश्यांमधल्या वेळात बसलेले नट. त्या फळ्या धरणाऱ्यांच्या आणि भिंगामधे कोणतीही जाळी नाही.