कप्पीच्या पोटात

लहान शिडाच्या होडीसाठी डेकवरचं सामान घ्यायला बसलं की क्लीट, शॅकल, ट्रॅक यांचा निकाल चटकन लागतो. घोळ होतो तो कप्प्यांपाशी. दिसायला सारख्या दोन कप्प्या, दोघींतून जाणारा दोरही तेवढ्याच जाडीचा, आणि किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. हा फरक बाहेरून दिसत नाही. चाक जिथे आसावर घासतं तिथे, कप्पीच्या पोटात तो असतो. कप्पीचा अलीकडचा सगळा इतिहास त्या बोटभर जागेतच घडला आहे.

कप्पी तशी फार जुनी. निमरूदच्या असिरियन शिल्पपटात, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या, वेढ्यात सापडलेल्या नगराचा तट दिसतो. कप्पीवरून दोराने बादली खाली सोडली आहे आणि शत्रूचा सैनिक तो दोर कापतो आहे. आर्किमिडीजने सिरॅक्यूजच्या राजासमोर कप्प्यांच्या जोरावर एकट्याने जहाज ओढलं असं प्लुटार्क सांगतो; खरं-खोटं त्यालाच ठाऊक. 1545 मध्ये बुडालेली आणि 1982 मध्ये वर काढलेली इंग्रजी युद्धनौका ‘मेरी रोझ’, तिच्यातही लाकडी कप्प्या सापडल्या. लाकडाचं घर, आत चाक, मधोमध आस, ही रचना शतकानुशतकं तीच राहिली.

अठराव्या शतकाच्या शेवटी प्रश्न उभा राहिला तो संख्येचा. 74 तोफांच्या एका युद्धनौकेला हजाराच्या आसपास कप्प्या लागत. (1813 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘कॉर्नवॉलिस’ याच वर्गातली.) ब्रिटिश आरमाराची गरज वर्षाला लाखभर कप्प्यांची होती आणि ती मुख्यतः साउदॅम्प्टनचे टेलर नावाचे कप्पीवाले भागवत. घर एल्मच्या लाकडाचं, चाक लिग्नम व्हिटीचं.

हे लिग्नम व्हिटी कॅरिबियन बेटांकडचं लाकूड. पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळाला जातं, इतकं जड. त्याच्या अंगात राळ असते आणि घासलं जाताना तीच वंगणाचं काम करते. समुद्रावर तेलाचा डबा घेऊन डोलकाठीवर कोण चढणार? पण लाकूड कितीही गुणी असलं तरी हाताने पाडलेलं भोक केसभर सरकलं की चाक एका अंगाला घासायचं, दोर अडायचा, आणि वादळात नेमकं तेव्हाच शीड उतरवायचं असायचं.

मार्क ब्रुनेल हा फ्रेंच राज्यक्रांतीतून निसटलेला राजनिष्ठ. काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये काढून तो 1799 मध्ये इंग्लंडला आला. कप्प्या यंत्राने करायची त्याची कल्पना टेलरांनी नाकारली. आपल्यापेक्षा चांगल्या कप्प्या होतील असं त्यांना वाटतच नव्हतं. आरमाराच्या सॅम्युएल बेंथमने मात्र ती उचलली आणि हेन्री मॉडस्लीने यंत्रं घडवली, लाकडाच्या सांगाड्यावरची नव्हेत, अख्खी धातूची. पोर्ट्समथच्या गोदीत 45 यंत्रं वाफेवर चालू लागली. 1808 मध्ये तिथे 1,30,000 कप्प्या झाल्या, आणि जे काम 110 माणसं करत ते 10 माणसं करू लागली.

हे आकडे प्रत्येक पुस्तकात असतात. मला त्या यंत्रांतलं एकच मोलाचं वाटतं. लिग्नम व्हिटीच्या चाकाच्या मध्यावर ते दोन्ही बाजूंनी खाचा कोरायचं. त्या खाचांत कांशाचा बुश, म्हणजे आसाभोवतीची नळी, तंतोतंत बसायचा आणि त्यातून घासून गुळगुळीत केलेला लोखंडी आस जायचा. आता लाकूड लोखंडावर घासत नव्हतं, कांसं घासत होतं, आणि ते मध्यापासून तसूभरही ढळत नव्हतं. संख्येपेक्षा हा सारखेपणा खलाशाच्या जास्त कामाचा.

14 सप्टेंबर 1805 ला आपल्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेवर चढण्यापूर्वी ब्रिटिश नौसेनानी नेल्सन हा कारखाना पाहून गेला. ब्रुनेलला मोबदल्यासाठी आरमाराचे उंबरे झिजवावे लागले आणि पुढे 1821 मध्ये तो कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला. यंत्रं मात्र टिकली. त्यांतली काही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत होती.

त्यानंतर लाकडाच्या जागी कापड आणि राळ दाबून केलेलं टफनॉल आलं, स्टेनलेस स्टील आलं. आसाभोवती पोलादी गोळ्या घालाव्यात तर खारं पाणी त्यांना गंज चढवणार. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पीटर हार्केनने चाकात प्लॅस्टिकच्या गोळ्या घातल्या. हलक्या, न गंजणाऱ्या, वंगण न मागणाऱ्या. म्हणजे लिग्नम व्हिटीचा गुण दुसऱ्या वाटेने परत आला. पीटर आणि त्याचा भाऊ ओलाफ यांनी काढलेली कंपनी आजही याच धंद्यात आहे.

तेव्हा कप्पी निवडताना आधी विचारा, हा दोर चालता की थांबलेला? मुख्य शिडाची शीट, म्हणजे शीड आवरायचा दोर, हातात सतत आत-बाहेर होते. तिथे बॉल बेअरिंगला पैसे खुशाल मोजा. शीड वर चढवून दोर बांधून ठेवायचा, अशा जागी तासन् तास एकाच ठिकाणी भार पडून प्लॅस्टिकच्या गोळ्या चेपतात. तिथे साधा बुशच बरा, म्हणजे पोर्ट्समथचीच युक्ती. दोर जिथे उलटा वळून येतो तिथल्या कप्पीवर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो, काटकोनात वळला तर साधारण दीडपट, हे हिशेबात धरा. आणि बॉल बेअरिंगमध्ये तेल किंवा ग्रीस घालू नका, त्यात वाळू आणि मीठ चिकटतं. होडी किनाऱ्याला लागली की गोड्या पाण्याने धुतलं, एवढं पुरतं.