त्रिरश्मी लेणीच्या भिक्खू संघाची शेतजमीन : क्षहरात-सातवाहन युद्धकाळातील नोंदी

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील बुद्ध लेणी (लोक 'पांडवलेणी' म्हणतात, पांडवांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही) पाहायला आपण जातो, फोटो काढतो आणि शिलालेख वाचायचे राहून जातात. भिक्खू संघाच्या शेतीचा युद्धकाळातला इतिहास तिथेच कोरलेला आहे.

क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणी क्र. १० खोदवली. तिथल्या भिक्खूंच्या भोजनासाठी त्याने एका ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना शेत विकत घेऊन दिले. चीवरासाठी विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या रकमेचे व्याज वेगळे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. संघाचा आधार मात्र त्याने तोडला नाही. राज्यवर्ष १८ मध्ये, विजयी सैन्याच्या छावणीतूनच, त्याने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आदेश पाठवला : पश्चिम काखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना द्यावे. राजाच्या माणसांनी त्यात पाऊल ठेवू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही दिल्या. कार्ले लेणीतील सातवाहन आदेशात अशा जमिनीला 'भिखुहल' म्हटले आहे. तिथेही उषवदाताने दिलेले करजिक गाव सातवाहनांनी संघाकडेच ठेवले.

खरी गोष्ट सहा वर्षांनंतरची. राज्यवर्ष २४ च्या आदेशात राजा आणि राजमाता अमात्य श्यामकाला कळवतात की काखडीचे ते शेत कसले जात नाही आणि गावात वस्तीही नाही. कारण लेखात दिलेले नाही. सैन्याच्या वाटेवरचे गाव उठून गेले असावे, असे मला वाटते. म्हणजे सहा वर्षे दान भिंतीवर होते, भिक्खूंच्या पात्रात नव्हते. पट्टा हातात आणि जमीन पडीक, हे मराठवाड्यातल्या गायरानधारकांना वेगळे समजवावे लागणार नाही. शेत राजाने दिले तरी नांगर धरणारा कुणबी नसेल तर संघ उपाशी.

त्याबदली नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने दिली गेली. आधीच्या निम्मीच, पण वस्तीजवळची. पुढे पुळुमावीच्या २२ व्या राज्यवर्षात भद्रायनीय भिक्खूंना पूर्वी दिलेल्या सुदर्शन गावाऐवजी सामलिपद हे गाव देण्यात आले.